सुलभ मरिनर्स गाइड (नवशिक्या भक्तांसाठी, अपेक्षित प्रश्नांसह)

विद्यार्थ्यांसाठी सूचना

1. सर्व पाठ अनिवार्य आहेत. ‘वर्ल्ड सिरीज’ हा पाठ मात्र अभ्यासक्रमात नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ आहेत. त्यांपैकी 29 कधी ना कधी तिथे खेळून आले. उरलेला सिॲटल मरिनर्स, तो आपला विषय.

2. क्रिकेट येणाऱ्यांनी नियम पाठ करत बसू नये. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगला प्रत्येकी तीन आउट, आणि बरोबरी झाली तर पुढे चालू. एवढं पुरे. किती वेळ पुढे चालू राहू शकतं, ते पाठ 5 मध्ये येईल.

3. ‘निदान बंगळुरूपेक्षा बरे’ असं म्हणून धीर धरण्याची सोय जून 2025 पासून बंद झाली आहे. त्यांनी आयपीएल जिंकली.

4. नोकरीनिमित्त रेडमंड-बेल्व्ह्यूकडे उतरलेल्या मराठी मंडळींनी हा विषय ऐच्छिक समजू नये. उन्हाळ्यात ऑफिसच्या लिफ्टमध्ये हवापाण्याच्या खालोखाल हाच विषय निघतो. ‘या वर्षी तरी?’ असं कोणी विचारलं, तर काही न बोलता मान हलवावी. ती होकारार्थी की नकारार्थी, हे समोरच्याला कळता कामा नये.

पाठ 1: वंशावळ

घराण्याची सुरुवात दिवाळखोरीने होते. 1969 मध्ये सिॲटलला पायलट्स नावाचा संघ मिळाला. तो एक हंगाम खेळला, बुडाला, आणि 1970 चा हंगाम तोंडावर असताना मिलवॉकीला विकला गेला. सिॲटलकरांनी मग बेसबॉलप्रेमाला शोभेल तेच केलं: दावा ठोकला. शहर, काउंटी आणि वॉशिंग्टन राज्य या तिघांनी मिळून अमेरिकन लीगला कोर्टात खेचलं. तडजोडीत त्यांना नवा संघ मिळाला. म्हणजे आपला संघ हा मुळात कोर्टातल्या समझोत्याचं फलित आहे, आणि तो खेळतोही बऱ्याचदा तसाच, दोन्ही पक्षांचं थोडं थोडं समाधान होईल असा.

पहिला सामना 6 एप्रिल 1977 रोजी झाला. निकाल: 7-0 ने पराभव. पहिल्या वर्षी 64 विजय, 98 पराभव. विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त, असा पहिला हंगाम यायला 1991 साल उजाडलं (83-79). तो हंगाम संपताच मॅनेजर जिम लेफेव्र यांना काढून टाकण्यात आलं. नापासांच्या शाळेत पहिला वर्ग पास करून दाखवणाऱ्या मास्तरांनी यातून काय ते समजून घ्यावं.

1977 मध्येच लीगमध्ये आणखी एक संघ जन्माला आला: टोरॉन्टो ब्लू जेज. त्यांनी 1992 आणि 1993 अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. हे नाव वहीत लाल शाईने लिहून ठेवा.

पाठ 2: प्रयोगवही

जिंकता येत नाही म्हटल्यावर माणूस प्रयोगशील होतो. पुढील प्रयोग तोंडपाठ हवेत.

*प्रयोग 1.* एप्रिल 1981. उद्देश: आपल्या बॅटरना चेंडू वळण्याआधी गाठता यावा. कृती: मॅनेजर मॉरी विल्स यांनी मैदानावरच्या लोकांकडून बॅटरची चौकट पिचरच्या दिशेने फूटभर लांब आखून घेतली. निरीक्षण: ओकलंडचे मॅनेजर बिली मार्टिन यांना ते दिसलं. निष्कर्ष: दोन सामन्यांची बंदी आणि 500 डॉलर दंड.

*प्रयोग 2.* मे 1981. उद्देश: कॅन्सस सिटीच्या बॅटरने हलकेच ढकललेला चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर घालवणे. कृती: लेनी रँडल हातापायांवर ओणवा झाला आणि त्याने चेंडूला फुंकर मारली. निरीक्षण: चेंडू बाहेर गेला. निष्कर्ष: अंपायरने ते अमान्य केलं. आपण फुंकर मारलीच नाही, चेंडूची नुसती विनवणी केली, असा खुलासा रँडलने केला. विनवणीने काम होत असतं, तर या गाइडची गरजच उरली नसती.

*प्रयोग 3.* 19 जुलै 1994. हा प्रयोग इमारतीने स्वतःहून केला. किंगडोम या बंदिस्त स्टेडियमच्या छतातून चार जड फलक खाली आले. सुदैवाने प्रेक्षक अजून आत आलेले नव्हते. तिथून पुढे संघाला सगळे सामने परगावी खेळावे लागले. ऑगस्टमध्ये खेळाडूंच्या संपाने हंगामच संपवला, तेव्हा कुठे हा प्रवास थांबला.

पाठ 3: सुवर्णकाळ (मुक्काम थोडा)

या पाठावर हमखास प्रश्न येतो, म्हणून सावकाश वाचा.

31 ऑगस्ट 1990 रोजी केन ग्रिफी सीनियर आणि केन ग्रिफी ज्युनियर हे बाप-लेक एकाच संघातून मैदानात उतरले. मेजर लीगमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. बाप 40 वर्षांचा, लेक 20 चा. दोन आठवड्यांनी, 14 सप्टेंबरला, बापाने होम रन मारला आणि पाठोपाठ लेकानेही मारला. संघ त्या वर्षी कितवा आला, हे कोणालाच आठवत नाही. या विषयातला अभ्यास असाच करायचा असतो.

आता 1995. आदल्याच वर्षी छत पडलेलं. नव्या स्टेडियमसाठी कर लावण्याचा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये काउंटीच्या मतदारांनी थोडक्या फरकाने फेटाळलेला. संघ गाव सोडणार, अशी चर्चा. ऑगस्टच्या सुरुवातीला मरिनर्स कॅलिफोर्निया एंजल्सच्या 13 सामने मागे होते. ते अंतर त्यांनी भरून काढलं, हंगामाअखेर दोघांची बरोबरी झाली, आणि निर्णायक सामना रँडी जॉन्सनने 9-1 असा जिंकून दिला. समोर पिचर होता मार्क लँगस्टन. 1989 मध्ये याच लँगस्टनला देऊन सिॲटलने जॉन्सनला घेतलं होतं. आपल्याला फळलेले सौदे मोजकेच असल्यामुळे हा पाठच असावा.

पुढची गाठ न्यूयॉर्क यांकीजशी, पाच सामन्यांची. पहिले दोन गेले, पुढचे दोन आले. पाचव्यात अकराव्या इनिंगमध्ये एका धावेने मागे असताना एडगर मार्टिनेझने डावीकडे चेंडू हाणला. जोई कोरा घरी आला, आणि पहिल्या बेसवरून सुटलेला ग्रिफी तीन बेस पळत घसरत येऊन पोचला. 6-5. सिॲटलमध्ये ‘द डबल’ म्हटलं की दुसरा कुठलाही डबल विचारात घेतला जात नाही. त्यानंतर काही दिवसांतच राज्याच्या विधिमंडळाने स्टेडियमच्या पैशांची सोय केली आणि संघ गावात राहिला. म्हणजे एडगरच्या त्या एका फटक्याला कप मिळाला नसेल, पण इमारत मिळाली.

टीप: त्याच मालिकेत संघाचा शुभंकर, मरिनर मूस, चाकांचे बूट घालून गाडीमागे ओढला जात असताना भिंतीवर आदळला आणि त्याचा घोटा मोडला. शुभचिन्हाचीच ही गत, हे नवशिक्यांनी ध्यानात घ्यावं. पुढच्या फेरीत क्लीव्हलंडने आपल्याला 4-2 ने घरी पाठवलं.

पाठ 4: विचित्र अंकगणित

उदाहरण: एका संघातून 1998 मध्ये रँडी जॉन्सन वजा केला, 2000 च्या सुरुवातीला ग्रिफी वजा केला, आणि त्याच वर्षाअखेर ॲलेक्स रॉड्रिग्ज 25 कोटी 20 लाख डॉलरच्या करारावर टेक्ससला गेला. तर बाकी किती?

उत्तर: 116.

2001 मध्ये उरलेल्या मंडळींनी 162 पैकी 116 सामने जिंकले. जपानहून आलेला इचिरो सुझुकी पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका हंगामातल्या विजयांचा 1906 पासून शिकागो कब्जच्या नावावर असलेला विक्रम आपण गाठला. कब्जही त्या वर्षी अखेरची मालिका हरले होते, ही बाब आपण तेव्हा फारशी मनावर घेतली नाही.

खरं तर इशारा 5 ऑगस्टलाच मिळाला होता. क्लीव्हलंडविरुद्ध 14-2 अशी आघाडी असताना आपण 15-14 ने हरलो. ऑक्टोबरमध्ये यांकीजनी आपल्याला 4-1 ने बाहेर काढलं. यांकीजना मग वर्ल्ड सिरीजमध्ये ॲरिझोनाने हरवलं. ॲरिझोनाचा तो जन्मापासूनचा अवघा चौथा हंगाम होता. त्या मालिकेत सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांना विभागून मिळाला, त्यांतला एक रँडी जॉन्सन. उदाहरण पुन्हा वाचा आणि ‘वजा’ या शब्दाखाली रेघ मारा.

पाठ 5: स्वयंअध्ययन (2002 ते आजपर्यंत)

पुढची वीस वर्षं प्लेऑफ नाहीत. बाहेरच्यांना हा पाठ कोरा दिसतो, पण खरा भक्त याच काळात घडला. संघाकडे बघण्यासारखं काही नसलं की माणूस एकेका खेळाडूकडे, मग एकेका चेंडूकडे बघायला शिकतो.

2004 मध्ये इचिरोने 262 हिट्सचा विक्रम केला; संघ 99 सामने हरला. 2010 मध्ये फेलिक्स हर्नांडेझला लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, तोही 13 विजय आणि 12 पराभव अशा प्रगतिपुस्तकावर. संघ 101 सामने हरला. 15 ऑगस्ट 2012 रोजी फेलिक्सने टॅम्पा बेच्या 27 च्या 27 बॅटरना एकालाही बेस गाठू न देता परत पाठवलं. परफेक्ट गेम. आपल्या बॅटरनी त्याला किती धावा दिल्या? एक. संघ त्या वर्षी गटात शेवटचा आला. फेलिक्स प्लेऑफचा एकही सामना न खेळता निवृत्त झाला, तरी त्याचं नाव काढलं की इथे माणसं सरळ होऊन बसतात.

2022 मध्ये उपास सुटला. 30 सप्टेंबरला नवव्या इनिंगमध्ये, दोन आउट असताना, कॅल रॅलीने होम रन मारून प्लेऑफचं दार उघडलं. 2001 नंतरचा घरचा पहिला प्लेऑफ सामना ह्यूस्टनशी झाला. सतरा इनिंग 0-0. अठराव्यात ह्यूस्टनने एक होम रन मारला. 6 तास 22 मिनिटांनी आपण 1-0 ने हरलो. सूचना 2 मधलं ‘पुढे चालू’ ते हे.

2023 मध्ये संघाचे प्रमुख जेरी डिपोटो यांनी पत्रकारांना समजावलं की दहा वर्षांच्या हिशेबात 54 टक्के सामने जिंकणारे संघ बहुधा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचतात. गावात संताप उसळला. मराठी विद्यार्थ्यांना मात्र 54 टक्के म्हणजे काय ते चटकन उमगलं: सेकंड क्लास, आणि वडिलांचं शांत बसणं.

2025 मध्ये रॅलीने 60 होम रन मारले. कॅचरच्या जागेवर खेळणाऱ्या कोणीही एका हंगामात इतके मारले नव्हते. 2001 नंतर प्रथमच गटविजेतेपद आलं. डेट्रॉइटला पंधराव्या इनिंगमध्ये हरवलं. वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर समोर उभा कोण? वही उघडा, लाल शाई बघा. टोरॉन्टोच्या घरी पहिले दोन्ही सामने आपण जिंकले. सातव्या सामन्याच्या सातव्या इनिंगमध्ये आपण 3-1 ने पुढे होतो. जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला. 4-3.

प्रात्यक्षिक

स्टेडियममध्ये जावं. उघडझाप करणाऱ्या छताखाली, जवळून जाणाऱ्या आगगाड्यांच्या भोंग्यांत सामना बघावा. तिखटमीठ लावलेले भाजके नाकतोडे मिळतात, ते हवे तर खावेत. 2017 मध्ये त्यांच्यावर उड्या पडल्या, तेव्हा सामन्याला 312 पुडे अशी मर्यादा घालावी लागली. हा आकडा का? कारण एडगरची कारकिर्दीतली बॅटिंगची सरासरी .312. नाकतोडे मोजतानाही ज्यांना एडगर आठवतो, त्यांच्यात तुम्हाला सामील व्हायचं आहे.

अपेक्षित प्रश्न

*प्र. 1. कारणे द्या: मरिनर्सभक्तांची स्मरणशक्ती तल्लख असते.*
उत्तर: जिंकणाऱ्यांना नुसती सालं लक्षात ठेवली की भागतं. 2009 म्हटलं की यांकीजवाल्याचं काम झालं. आपल्याकडे त्या रकान्यात लिहायला काहीच नाही, म्हणून आपल्याला इनिंग, बेस, स्कोअर, कोण कुठून पळाला, कोणी फुंकर मारली, सगळं लक्षात ठेवावं लागतं. कप कपाटात ठेवता येतो. आपल्याकडे जे आहे ते सांगूनच टिकवावं लागतं.

*प्र. 2. टीप लिहा: संघ बदलणे.*
उत्तर: नियमात बसतं. विचारणाऱ्याला 1995 ची अकरावी इनिंग एकदा पूर्ण सांगावी. सांगून झाल्यावर तो प्रश्न पुन्हा विचारत नाही. निदान सांगणारा तरी स्वतःला विचारत नाही.

*प्र. 3. गुणदान कसे होते?*
उत्तर: कडक. एडगरला हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला तो 2019 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीला. ग्रिफीला 440 पैकी 437 मतं पडली, इचिरोला 394 पैकी 393. पैकीच्या पैकी मतं आजवर एकालाच मिळाली आहेत, मारियानो रिव्हेराला, तीही एडगरच्याच वर्षी. तो कोणत्या संघाचा, हे विद्यार्थ्यांनी आत्तापर्यंत ओळखलं असेलच. न ओळखणाऱ्यांनी पाठ 4 पुन्हा करावा.