काका, शॉकअप बसलेत

पन्नाशी ओलांडलेला पुरुष अजून मोटारसायकलच चालवत असेल तर घरचे त्याला हट्टी म्हणतात, सोसायटीतले चिकट म्हणतात आणि तो स्वतःला रायडर म्हणतो. माझं मत तिसरं. त्यामुळे गाडी खड्ड्यातून निघाल्यावर पुढे बराच वेळ डुलत जाते, ब्रेक लावला की पुढून दंडवत घालते, वळणावर किंचित पोहते, या गोष्टी मी तिच्या स्वभावात जमा केल्या होत्या. जुन्या गाडीला स्वभाव असतो, नव्या गाड्यांना फक्त फीचर्स, असं मी चारचौघांत म्हणतही असे.

गॅरेजमधल्या पोराने मागची सीट दोन्ही हातांनी दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली.

"काका, शॉकअप बसलेत," तो म्हणाला.

नुसत्या आवाजावरून टॅपेट सैल झाल्याचं सांगणाऱ्या माणसाला काका! मी ताबडतोब ज्ञान बाहेर काढलं. म्हटलं, बाबा रे, धक्का झेलते ती स्प्रिंग. पण नुसती स्प्रिंग म्हणजे लग्नातला आहेर. घेतलेलं परत केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तो परतीचा धक्का जिरवायला आत तेल लागतं. दांड्याच्या टोकाला दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. तेलाला त्या भोकांतून रेटून जावं लागतं, त्यात धक्क्याची उष्णता होते आणि तो तिथेच संपतो. १९४९ साली नव्या रूपातली बुलेट विक्रीला आली तेव्हा तिच्या मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि तेलाचे शॉकअप होते. त्या वेळच्या बऱ्याच इंग्रजी मोटारसायकलींचं मागचं चाक थेट चौकटीत आवळलेलं असे आणि स्वाराची अब्रू सीटखालच्या स्प्रिंगा राखत. पोराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वजन किती, काका?"

मी लायसन्स काढलं त्या सुमाराचं वजन सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शॉकअपकडे. शॉकअपच्या बुडाशी खाचांची एक कडी असते. गाडीवरचा भार वाढला की ती फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायची. माझी कडी पहिल्या खाचेत होती.

"ही सेटिंग एकट्या माणसाची आहे," तो म्हणाला. "बारीक माणसाची."

शॉकअपच्या मृत्यूला माझं पोट हे दुय्यम कारण. मुख्य कारण गतिरोधक, आणि या विषयावर मला कुणी थांबवू नये. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर लांब, मध्यावर १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने सुखरूप ओलांडता येईल असा गोलसर उंचवटा. आधी सूचनेचा फलक, अंगावर रंगाचे पट्टे. म्हणजे बारा फूट लांब आणि अर्धी वीत उंच अशी एक सुशील टेकडी. ही टेकडी मी वर्षानुवर्षं पुण्यात शोधतो आहे. सापडतात ते नमुने वेगळे. एक सोसायटीचा: कुणाच्या तरी बाल्कनीचं काँक्रीट उरलं म्हणून रातोरात घातलेला, ज्याच्या कडेवर नारळ फुटेल. दुसरा सावलीतला: झाडही जुनं, गतिरोधकही जुना, आणि त्याच्यावर पट्टे होते ही आता ऐकीव माहिती. तिसरा रबरी पट्ट्यांचा: पट्ट्या उखडून गेलेल्या, खिळे मात्र कर्तव्यावर हजर. चौथा उलटा: पाइप टाकायला रस्त्यात आडवा चर खणतात, बुजवतात, पहिल्या पावसात तो खचतो आणि वर चढवण्याऐवजी खाली उतरवून तोच परिणाम साधतो. आणि पाचवा, माझा लाडका, जो रस्त्यावर नाहीच. पूर्वी होता, नवं डांबर टाकलं तेव्हा गाडला गेला. पण ती जागा आली की झाडून सगळे अजून ब्रेक मारतात. मीही मारतो. गतिरोधक असावा तर असा.

यात न हसण्यासारखीही एक गोष्ट आहे. रात्री, पट्टे नसलेल्या उंचवट्यावर गाडी उडते तेव्हा चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं. पडते ती मागे एका बाजूला बसलेली बाई, मांडीवर पिशवी नाहीतर पोर घेऊन. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये शॉकअप दुरुस्त होत नाहीत, बदलले जातात. मागचे सीलबंद येतात, उघडायचा प्रश्नच नाही, असं तिथल्या टाय लावलेल्या मुलाने सांगितलं. म्हणून नाना पेठ गाठली. तिथल्या गल्ल्यांत उघडत नाही अशी वस्तू नसते. शॉकअपचं तोंड लेथवर कापायचं, आत नवं ऑइल सील बसवायचं, मापात तेल भरायचं आणि पुन्हा बंद करायचं, हा तिथल्या मिस्त्रींचा रोजचा उद्योग. आमच्या मिस्त्रींनी आधी दांड्यावरून नख फिरवलं.

"क्रोम गेलंय. नवं सील टाकीन, पैसेही घेईन. पण हा खरखरीत दांडा त्या सीलला फाडणार आणि तुम्ही मला शिव्या देणार. मागची जोडी नवीच घ्या."

हातातलं गिऱ्हाईक सोडणारं इतकं सरळ वाक्य टाय लावलेल्या कुणाकडून मी ऐकलेलं नाही.

पुढच्या फोर्कला सील आणि तेल एवढ्यावर भागलं. इंजिन ऑइल मी वेळच्या वेळी बदलतो, ब्रँडवरून मित्रांशी भांडतो. फोर्कमधलं तेल मात्र गाडी घेतल्यापासून तेच होतं. डब्यात पडलं ते राखाडी, कुबट पाणी. मघाचं तेलावरचं व्याख्यान ऐकलेलं पोर तिथे नव्हतं, हे एक बरं झालं.

"कडी कुठे लावू? मागे कुणी बसतं का?" मिस्त्रींनी विचारलं.

बसते. पूर्वी माझ्या खांद्यावर हात ठेवून बसायची. अलीकडे मागची पकड दोन्ही हातांनी आवळून बसते. याचा अर्थ मी संसाराचं वय असा लावला होता, आणि त्यावर एक हळवा लेखही लिहून ठेवला होता. खरं म्हणजे खड्डा मला दिसतो. मी पायांवर जोर देऊन किंचित उठतो आणि धक्का खालून निघून जातो. तिला दिसते फक्त माझी पाठ, आणि मागचं चाक असतं तिच्याच खाली. इतकी वर्षं मी गाडीचा स्वभाव म्हणत होतो ते सगळं तिच्या मणक्यात जमा होत होतं. तिने तक्रार केली नाही असं नाही. "हळू" म्हणायची. मला ते माझ्या वेगाचं कौतुक वाटायचं.

नवी जोडी बसवल्यावर आम्ही भाजीला गेलो. सोसायटीचा गतिरोधक गेला, चर गेला. तिने एक हात सोडून पिशवी सावरली आणि म्हणाली, "रस्ता केला वाटतं."

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३ वा नियम मागे बसणाऱ्याची काळजी वाहतो: धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं. धक्क्यांचं काम मात्र पुढे बसणाऱ्यावरच सोडलेलं आहे. तेव्हा रायडरहो, आज सीट दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली, किंवा फोर्कच्या नळीवर तेलाची ओली कड दिसली, तर गॅरेज गाठा. आणि तिथे वजन विचारलं तर दोघांचं सांगा, तेही खरं.