धंद्याला साइड कुठली?

आमच्या घराण्यात आजवर कोणी धंदा केलेला नाही. त्यामुळे धंद्यावर सल्ला द्यायला प्रत्येक जण मोकळा असतो.

बारावीचा निकाल लागला आणि भाचीने जाहीर केलं, नोकरी करणार नाही, नाचणीच्या बिस्किटांचा धंदा करणार. ‘का गं बाई?’ असं कोणी विचारलंच नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच : ‘मग साइड कुठली घेणार?’ भांडवल, गिऱ्हाईक वगैरे नंतर बघता येतं. आधी साइड पाहिजे.

रविवारी ताईकडे बैठक बसली. पोह्यांच्या पहिल्या फेरीतच भावोजींनी इंजिनिअरिंग काढलं. ‘कॉम्प्युटर घे. चार वर्षांनी धंदा नाही जमला, तर नोकरी आहेच.’ वहिनीचं मत इकॉनॉमिक्सला, कारण त्यात जाता जाता यूपीएससीचाही अभ्यास होतो. आत्याने बी.फार्म. सुचवलं. ‘औषधाचं दुकान कधी बुडत नाही. लोक बिस्किटं सोडतील, बीपीची गोळी नाही सोडणार.’ मी बीबीए म्हणून पाहिलं. त्याच्या तर नावातच बिझनेस आहे. पण एका कॉलेजची फी ऐकल्यावर भावोजी उसळले, ‘अरे, एवढ्यात धंदाच टाकून होईल!’ अख्ख्या बैठकीत व्यापारी डोक्याचं असं हे एकच वाक्य. दुर्दैवाने तेवढ्यात चहा आला आणि ते वाहून गेलं.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की ही साइडची शोधाशोध धंद्यासाठी नव्हतीच. धंदा बुडाल्यावर काय, त्याची सोय चालली होती. आपल्याकडे धंद्याचं बारसं व्हायच्या आधी तेरावं उरकून घेतात.

भाचीने स्टीव्ह जॉब्ज काढला. त्याने सहा महिन्यांत कॉलेज सोडलं होतं म्हणे.

‘सोडायलासुद्धा आधी ॲडमिशन घ्यावी लागते,’ आत्या म्हणाली.

कोणीतरी धीरूभाईंचं मॅट्रिक काढलं. मग मी किर्लोस्करांवर आलो, कारण तेवढे माझे पाठ आहेत. लक्ष्मणराव 1885 साली मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले ते चित्रं काढायला. डोळ्यांना काही रंगच नीट कळत नाहीत असं निघालं, म्हणून रंग सुटले आणि मेकॅनिकल ड्रॉइंग हाती आलं. पुढे ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकली विकायला बसले. त्यातून कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची खात्री, त्यामुळे नांगर खपता खपेनात. तरी हा माणूस हटला नाही, आणि 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मला वाटलं, आता सगळे भारावले असतील.

‘म्हणजे साइड आर्ट्सच की,’ भावोजी खिन्नपणे म्हणाले. ‘आणि तीही अर्धवट.’

दुसऱ्या दिवशी भाची बिस्किटांचा पुडा घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली. मामा म्हणून मीही गेलो. शेठनी पुडा हातात घेतला, पण चव घेतली नाही. आधी उलटा करून तारीख शोधली, चिकटवलेल्या कडेवर अंगठा दाबून पाहिला, मग कानाशी नेऊन हलवला. आत खळखळ झाली.

‘तुकडे पडलेत,’ ते म्हणाले. ‘खोक्यात दाटून भरा, पुडा हलता कामा नये. तारीख मोठी छापा, म्हातारी माणसं माझ्याशी भांडतात. तारीख उलटलेला माल परत घ्याल ना? पैसे माल खपल्यावर.’

भाची मोबाइलवर भराभर लिहून घेत होती. मी मध्ये कौतुकाने म्हटलं, ‘शेठ, बारावीला शहाऐंशी टक्के पडलेत पोरीला.’

‘मला किती टक्के सुटतील ते सांगा,’ शेठ म्हणाले.

त्यांनी दहा पुडे ठेवून घेतले, तेही गल्ल्याजवळ, चॉकलेटच्या बरण्यांशेजारी. ती जागा किती मोक्याची असते, हे मला रस्त्यावर आल्यावर भाचीने समजावून सांगितलं.

शेवटी तिने बी.कॉम. घेतलं. घरच्यांना वाटलं, अकाउंट्स शिकायला. तसं काही नव्हतं. तिने तिन्ही साइडची वेळापत्रकं समोर मांडली होती. सायन्सला दुपारभर प्रॅक्टिकल. इंजिनिअरिंगला तर संध्याकाळीही सुटका नाही. कॉमर्सचं कॉलेज मात्र सकाळी सातला भरतं आणि साडेअकराला सुटतं, म्हणजे बारा वाजता ओव्हन लावता येतो आणि कुरिअरवाला यायच्या आत पुडे बांधून होतात. इतक्या विचाराने साइड घेतलेलं आमच्या घरात दुसरं कोणी मला आठवत नाही. मी स्वतः मित्र जिकडे गेला तिकडे गेलो होतो, आणि त्याला का गेलास विचारल्यावर तो माझ्याकडे बोट दाखवायचा.

आत्यालाही वेळापत्रक पसंत पडलं. चष्मा लावून तिने ते दोनदा वाचलं.

‘छान आहे गं. दुपारभर मोकळीच असतेस की,’ ती म्हणाली. ‘मग बँकेच्या परीक्षेचा क्लास लावून टाक.’