न पाहिलेल्या मालिकेची डीव्हीडी मागण्याची रीत

जुनी विनोदी मालिका डीव्हीडीवर काढावी, अशी मागणी करणाऱ्याने प्रथम ती मालिका आपण पाहिली होती का, हे तपासून घ्यावे. भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न नाजूक आहे. चि. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव’ मुंबई दूरदर्शनने १९७०च्या दशकाच्या अखेरीस दाखवली; चिमणराव दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढच्या वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले आणि गाडी बराच काळ तिथेच थांबली. वैनगंगेपर्यंत चिमणराव आलाच नाही. गुंड्याभाऊ वरळीच्या स्टुडिओत दंड थोपटत होता तेव्हा भंडाऱ्याच्या गच्च्यांवर कुरड्या वाळत होत्या. अँटेना नंतर आले. म्हणून तुमसर, पवनी वा साकोलीच्या अर्जदाराने ‘बालपणीच्या रम्य आठवणी’ हे शब्द अर्जात घालू नयेत. ते पुणेकरांचे आहेत. ‘आम्हाला पाहायलाच मिळाली नाही’ हे वाक्य खरेही आहे आणि वजनदारही. ज्यांनी पाहिली त्यांचे एकदा भागले आहे.

दुसरी पायरी, मागितलेली वस्तू जगात शिल्लक आहे का, हे पाहण्याची. त्या काळी चित्रमुद्रणाची टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. या दोन गुणांनी जगभर विनोदाचा बळी घेतला. ‘चिमणराव’चेही मोजकेच भाग तगले. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेने ‘डॉक्टर हू’चे शंभराहून अधिक भाग असेच गमावले, त्यातले नऊ २०१३ साली नायजेरियातून परत मिळाल्याचे जाहीर झाले. नायजेरियात ब्रिटिश मालिका सापडते म्हणून लाखांदुरात मराठी सापडेल, असा निष्कर्ष मात्र काढू नये. तिकडे फिल्मच्या प्रती दाखवण्यासाठी पाठवलेल्या होत्या. इकडे कोणी काही पाठवले नव्हते.

तिसरी बाब मालकीची, आणि ती बारकाईने समजून घ्यावी. मालिका दूरदर्शनची, आणि १९९७पासून दूरदर्शन प्रसार भारतीच्या छत्राखाली. कथा चि. विं.च्या. ते १९६३ साली वारले. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा १ जानेवारी २०२४पासून त्या कथा कोणीही छापाव्यात, कोणीही त्यावर मालिका काढावी. चित्रीकरणाचे तसे नाही. १९७८ साली दाखवलेल्या भागावरचा हक्क २०३८च्या अखेरपर्यंत चालतो. म्हणजे चिमणराव मोकळा झाला आहे, पण प्रभावळकरांचा चिमणराव अजून कुलपात आहे. यात आणखी एक योग असा की, चि. वि. स्वतः बडोदे संस्थानच्या दफ्तरखात्याचे प्रमुख होते. दुसऱ्यांचे कागद जपण्याचा पगार घेणाऱ्या माणसाच्या मानसपुत्राचे दफ्तर कोणाच्या हातून गहाळ व्हावे, हे ठरवणारा विनोदी लेखक त्यांच्याहून मोठा असला पाहिजे.

आता अर्ज. नवखा अर्जदार साधा विनंतीअर्ज करतो आणि त्याखाली सह्या गोळा करतो. सह्यांना हरकत नाही. गांधी चौकात चहा पाजला की एका सकाळी पानभर होतात. मात्र सही करणारे मजकूर वाचत नाहीत, आणि वाचणारा ‘त्यापरीस रामायण मागा ना जी’ अशी दुरुस्ती सुचवतो. अशा वेळी वाद घालू नये. मार्च २०२०च्या टाळेबंदीत लोकांच्या मागणीवरून ‘रामायण’ खरेच पुन्हा दाखवले गेले, हा दाखला त्याच माणसाकडून अर्जात लिहून घ्यावा. ‘रामायण’ पुसले गेले नव्हते, ही गोष्ट त्याला सांगण्याची गरज नाही.

जाणता अर्जदार माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतो. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. ‘डीव्हीडी कधी काढणार?’ असे विचारल्यास, कार्यालयाकडे असलेल्या नोंदीलाच कायद्यात माहिती म्हणतात, भविष्याला नाही, असे उत्तर येऊ शकते. आणि ते बरोबर असते. म्हणून प्रश्न गोदामाच्या चौकीदाराने विचारावेत तसे विचारावेत: ‘चिमणराव’चे किती भाग आज संग्रहात आहेत? कोणत्या प्रकारच्या टेपवर? त्यांचे डिजिटल रूपांतर झाले आहे काय? टेप पुसण्याच्या आदेशाची प्रत मिळावी. शेवटच्या मागणीने कार्यालयात थोडी हालचाल होते, कारण आदेश नष्ट झाला असेल तर तो नष्ट करण्याचा आदेश शोधावा लागतो.

अर्ज मराठीतून करता येतो. ज्या भागातून अर्ज केला जातो तिथली राजभाषा कायद्याला चालते. मजकूर साधारणपणे ५०० शब्दांत बसवावा, असा केंद्राचा नियम आहे. चि. विं.नी पुस्तकाला ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ नाव दिले, अर्जदाराने अर्जाचे चऱ्हाट करू नये. शुल्क १० रुपये. जिल्हाधिकारी कार्यालयात चालणारा कोर्ट फी स्टॅम्प इथे लावू नये. दूरदर्शन केंद्र सरकारचे, तेव्हा लेखाधिकाऱ्याच्या नावे पोस्टल ऑर्डर काढावी. टपाल खिडकीवर ‘धाची पोस्टल ऑर्डर? नोकरीचा फारम भरता का जी?’ अशी चौकशी होते. ‘हो’ म्हणावे. मागे गॅसच्या सबसिडीचे लोक उभे असतात. चिमणराव कोण, हे तिथे समजावून सांगण्यात अर्थ नाही. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, दाखला मात्र जोडावा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावी, कारण घरात हमखास सापडणारी तेवढीच एक जागा असते.

उत्तरासाठी ३० दिवस असतात. न आल्यास किंवा न पटल्यास त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, मग ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. धानाची एक रोवणी आणि एक कापणी एवढा काळ धरून चालावे.

दरम्यान रिकामे बसू नये. मालिका चालू असताना व्हीसीआर घरोघरी नव्हते, त्यामुळे चित्राची आशा धरू नये. पण टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज टिपणारे लोक असत; ‘डॉक्टर हू’च्या सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज अशाच हौशी प्रेक्षकांमुळे उरला. भंडाऱ्याच्या अर्जदाराने पुण्याच्या आत्याला आणि डोंबिवलीच्या मामाला फोन करून माळ्यावरच्या कॅसेटींची चौकशी करावी. आत्या लग्नाचे विचारेल, मामा रिकाम्या प्लॉटचे. दोन्ही ऐकून घ्यावे. कॅसेट मिळालीच तर लगेच वाजवू नये. जुन्या टेपचा लेप ओल धरून चिकट होऊ शकतो आणि मग यंत्रात खरवडला जातो. तज्ज्ञ अशी टेप ५० अंशांच्या आसपास तासन्‌तास शेकतात. भंडाऱ्याचा मे महिना त्याच्या जवळपास जातो हे खरे, तरी टेप गच्चीवर कुरड्यांशेजारी पसरू नये. कोरड्या डब्यात ठेवून जाणकाराकडे द्यावी.

शेवटची तयारी घरातली. तबकडी आली तर ती लावायला प्लेअर लागतो, आणि नवा आता दुकानात मागितला की दुकानदार आधी चेहऱ्याकडे पाहतो. जुना असल्यास जपावा. दर दिवाळीला तो खाली काढून पुसावा, घरातल्या कोणाच्या तरी लग्नाची डीव्हीडी घालावी, वरमाला दिसेपर्यंत चालू द्यावी आणि ट्रे न अडकता बाहेर येतो एवढे पाहून पुन्हा कपाटावर ठेवावा.