वेर्टरच्या दप्तरातले दुरुस्तीचे अर्ज

सार्वजनिक वाचनालयातील एखादी जुनी, बांधणी खिळखिळी झालेली प्रेमकथा हाती घेऊन तिचे अखेरचे पान उघडण्याचा योग ज्यांस आला असेल, त्यांस हे सांगावयास नकोच, की त्या पानाच्या समासात मूळ ग्रंथकर्त्याखेरीज आणखी निदान चार ग्रंथकर्त्यांचे वाङ्मय शिसपेन्सिलीने लिहिलेले आढळते. एकाने नायक भ्याड असल्याचा अभिप्राय नोंदविलेला असतो. दुसऱ्याने त्या अभिप्रायकर्त्यास हृदय आहे किंवा कसे, अशी शंका व्यक्त केलेली असते. तिसऱ्याने, दोघांचे लग्न लावून दिले असते तर लेखकाच्या तीर्थरूपांचे काय जात होते, अशी रोखठोक पृच्छा केलेली असते. आणि चौथ्याने ह्या सर्व वादापासून अलिप्त राहून, मधली दोन पाने कोणी फाडून नेली ह्याची चौकशी व्हावी, अशी चिटणिसांस विनंती केलेली असते. हे समासातले वाङ्मय आस्थेने वाचीत आल्यामुळे आमचे असे मत बनले आहे, की शोकान्त कादंबरीविषयी वाचकाचे जे म्हणून मत असते, ते बहुतकरून मत नसून दुरुस्तीचा अर्ज असतो. कादंबरी वाईट उतरली अशी तक्रार क्वचित कानी येते. ती आपल्या सोयीप्रमाणे संपली नाही, ही तक्रार मात्र सार्वत्रिक.

ह्या सिद्धान्ताचा पुरावा पुण्या-मुंबईच्या वाचनालयांत शोधीत बसण्याचे कारण नाही. तो जर्मनीच्या दफ्तरी अडीचशे वर्षांपूर्वीच दाखल झालेला आहे. १७७४ च्या शरद ऋतूत लाइप्झिग येथील पुस्तकांच्या बाजारात एक लहानसे पत्ररूप पुस्तक, लेखकाचे नाव न घालता, विक्रीस आले. वेर्टर नावाचा एक भावनाविवश तरुण लोटे नावाच्या मुलीवर अनुरक्त होतो. तिचा वाङ्‌निश्चय आल्बर्ट नावाच्या सरळमार्गी नोकरदार गृहस्थाशी आधीच झालेला असतो. आणि ही अडचण कोणत्याही उपायाने दूर होत नाही असे पाहून तो, प्रवासास निघाल्याचे निमित्त सांगून, आल्बर्टचीच पिस्तुले मागवून घेतो व आपली जीवनयात्रा संपवितो, एवढाच काय तो कथाभाग. लेखक योहान वोल्फगांग गटे, वय वर्षे २५. पुस्तक आपण चार आठवड्यांत लिहिले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. त्याच्या दुरुस्तीचे अर्ज निकालात काढावयास मात्र त्याला उरलेले सारे आयुष्यही पुरले नाही.

मुळात ह्या कादंबरीचा जन्मच एका कचेरीच्या गावी झाला. १७७२ च्या उन्हाळ्यात गटे वकिलीचा उमेदवार म्हणून वेट्झलार येथे गेला, तेव्हा तेथे साम्राज्याची सर्वोच्च अदालत बसत असे, आणि तिच्यापुढे २०,००० मुकदमे तुंबलेले असून वर्षाकाठी त्यांपैकी ६० निकालात निघत व त्याच्या दुप्पट नवे दाखल होत, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. ज्या गावात न्यायदेवता इतकी निवांत, त्या गावात उमेदवारास प्रेमात पडावयास सवड सापडली नसती, तरच नवल. तो पडला शार्लोटे बुफ हिच्या प्रेमात. आणि तिचा विवाह केस्टनर नावाच्या, हानोव्हरच्या वकिलातीतील एका दक्ष चिटणिसाशी ठरलेला होता. गटेने सप्टेंबरात निरोप न घेता गाव सोडले आणि स्वतःस सुखरूप घरी पोहोचविले, हे ध्यानात ठेवावे. कारण पुढे जो मेला, तो दुसराच. त्याच गावातील येरुझालेम नावाच्या एका तरुण चिटणिसाने, एका विवाहितेवर जडलेल्या निष्फळ प्रेमाच्या आणि नोकरीतील मानखंडनेच्या भरात, ऑक्टोबरअखेर आपला अंत करून घेतला, तो केस्टनरकडून मागून आणलेल्या पिस्तुलाने. केस्टनर पडला दप्तराचा माणूस. त्याने ह्या प्रकरणाची तपशीलवार हकीकत, पंचनाम्यालाही लाजवील अशा बारकाईने, गटेस लिहून कळविली. आणि गटेने त्या हकिकतीवर आपले हृदय चढवून कादंबरी उभी केली.

म्हणून दुरुस्तीचा पहिला अर्ज केस्टनरचाच यावा, हे क्रमप्राप्त होते. मित्राने स्वहस्ते पाठविलेली प्रत त्याने उघडली, तो तिच्यात आपली पत्नी, आपली पिस्तुले आणि आपल्याच पत्रातला मजकूर, ही सर्व मालमत्ता त्यास ओळखू आली. न ओळखण्याजोगा एकटा आल्बर्टच. हा शुष्क, हिशेबी, काव्यशून्य इसम मी नव्हे, असे त्याने लेखकास पत्र लिहून कळविले. वाचकांच्या सर्व तक्रारींत ही एकच तक्रार आम्हांस कायदेशीर वाटते. प्रेमकथेत जो मरतो त्याच्यासाठी अश्रू ढाळावयास सारे जग असते, परंतु जो जगतो, नोकरी करतो, घरभाडे भरतो आणि मागणाऱ्यास वस्तू उसनी देतो, त्याच्या वाट्यास मात्र वाचकांचा तिरस्कार येतो; केस्टनरला तर तो जिवंतपणी आणि नावनिशीवार सोसावा लागला. गटेने क्षमा मागितली, पण तीही कविजनांच्या रीतीने, म्हणजे वेर्टर हजारो हृदयांना काय वाटतो ह्याचा सहस्रांश जरी तुला जाणवला असता तरी तू तुझ्या नुकसानीचा हिशेब मांडला नसतास, असे उलट त्यालाच ऐकवून. पुढे १७८७ च्या सुधारित आवृत्तीत आल्बर्टची प्रकृती थोडीशी सुधारलेली दिसते. अर्ज मंजूर व्हावयास १३ वर्षे लागली. वेट्झलारच्या मानाने हा वेग स्तुत्यच म्हणावयाचा.

सरकारदरबारची बुद्धी निराळ्या दिशेने चालते. लाइप्झिगच्या धर्मशास्त्री अध्यापकांनी, हे पुस्तक आत्मघाताची तरफदारी करते, असा अर्ज गुदरला, आणि नगरसभेने जानेवारी १७७५ मध्ये त्याच्या विक्रीस मनाई केली. वास्तविक ते छापणारा दुकानदार त्याच शहरातला. तेव्हा शहराला बदनामी लाभली आणि नफा इतरत्र गेला. मनाई पुस्तकापुरती ठेवून भागण्यासारखे नव्हते, कारण वेर्टर मरतेसमयी जो पोशाख घालतो तो निळा कोट आणि पिवळी जाकिटे घालून गावोगावचे तरुण हिंडू लागले होते. म्हणून त्या पोशाखावरही बंदी आली. मनुष्याच्या हृदयात काय चालले आहे हे कोतवालाला दिसत नाही, जाकिटाचा रंग दिसतो. ह्या दृष्टीने हा हुकूम व्यवहार्य होता, हे मान्य केलेच पाहिजे. तो अंमलात आला किती, हा प्रश्न वेगळा. पण रद्द झाला तो १८२५ साली. तोवर पहिल्या पिढीतल्या वेर्टरांना नातवंडे झालेली होती आणि निळा कोट त्यांच्या पोटावर बसेनासा झाला होता. हांबुर्गचे पाद्री गोत्झे ह्यांनीही ग्रंथावर आग पाखडली. तिचा तपशील देत नाही, कारण पाद्री लोकांची आग सर्व पुस्तकांवर सारखीच पडते.

ह्याहून मनोरंजक आहेत ते पंडितांचे अर्ज. लेसिंग हा त्या काळचा जर्मनीतला सर्वांत कुशाग्र टीकाकार. त्यास पुस्तक आवडले, पण कच्च्या मनाच्या वाचकांवर ह्याचा परिणाम वाईट होईल अशी धास्ती वाटून, एका मित्रास लिहिलेल्या पत्रात त्याने सुचविले, की गटेने शेवटी आणखी एक छोटेखानी, थंड डोक्याचे प्रकरण जोडावे, आणि ते जितके रोखठोक व निष्ठुर होईल तितके चांगले. आता गंमत अशी, की मेलेल्या येरुझालेमच्या टेबलावर, आणि म्हणून कादंबरीतल्या वेर्टरच्याही टेबलावर, जे नाटक उघडे पडलेले होते, ते स्वतः लेसिंगचेच होते. आणि त्या नाटकाच्या अखेरीस एक बाप पोटच्या मुलीचा खंजिराने वध करतो. आपल्या शोकान्तिकेत रक्ताचा पाट वाहावा आणि दुसऱ्याच्या शोकान्तिकेत पाणी घालावे, हा साहित्यिकांचा शिरस्ता फार जुना आहे.

पण अर्ज करून न थांबता हातात करवत घेऊन खुद्द दुरुस्तीच करावयास बसला तो बर्लिनचा पुस्तकविक्रेता व बुद्धिवादी ग्रंथकार फ्रीड्रिख निकोलाय. त्याने १७७५ मध्ये वेर्टरच्या ‘दुःखां’च्या जागी वेर्टरची ‘सुखे’ छापून प्रसिद्ध केली. त्यांत आल्बर्ट दूरदर्शी निघतो. पिस्तुलात गोळीऐवजी कोंबडीचे रक्त भरून पाठवितो. वेर्टर चाप ओढतो आणि आपण मेलो अशा समजुतीने, रक्ताने माखून, पडून राहतो. मग आल्बर्ट येऊन त्याची समजूत घालतो, लोटेवरील आपला हक्क सोडून देतो, आणि दोघांचे लग्न होते. इथवर आमच्या वाचनालयातील तिसऱ्या वाचकाचे समाधान पूर्ण झाले असते. परंतु निकोलाय प्रामाणिक होता. लग्न लावून तो थांबला नाही. त्याच्या पुस्तकात संसार सुरू होतो, आणि संसाराबरोबर ओढाताण, मत्सर व बेबनाव ही मंडळीही बिऱ्हाड थाटतात. अखेर नवरा-बायकोचे तुटले ते जुळवून द्यावयास पुन्हा आल्बर्टलाच बोलवावे लागते. म्हणजे ज्या गृहस्थाला गटेने रुक्ष म्हणून हिणविले, तोच निकोलायच्या राज्यात बंदोबस्ताचा मुख्य अंमलदार होतो. सुखान्त हा शोकान्ताचा पुढला भाग असतो, ही गोष्ट निकोलायने, आपणांस ती सिद्ध करावयाची नसताना, सिद्ध करून दाखविली. गटेने ह्यावर एक छोटी कविता रचली. तीत निकोलाय वेर्टरच्या थडग्यापाशी जाऊन जो विधी उरकतो, त्याचे वर्णन सभ्य वृत्तपत्रात करता येत नाही.

गटिंगेनचा पदार्थविज्ञानाचा अध्यापक लिख्टेनबेर्ग ह्याने ग्रंथाला हात न लावता नुसते टिपणवहीत लिहून ठेविले, की तव्यावरच्या धिरड्याचा वास हे जगात राहण्याचे कारण, जगातून जाण्यासाठी वेर्टरने दिलेल्या साऱ्या कारणांहून अधिक सबळ आहे. ह्या मतावर आमचे काही म्हणणे नाही. ज्याचा जठराग्नी शाबूत आहे अशा कोणाचेच असू नये.

थट्टा क्षणभर बाजूस ठेवून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १७७८ च्या जानेवारीत वायमार येथे, गटेच्या बागेनजीक, एका तरुण स्त्रीने नदीत आपला देह टाकला, आणि तिच्या खिशात हे पुस्तक होते असे सांगतात. गटेस त्याचा जबर धक्का बसला. त्यापूर्वीच, १७७५ च्या आवृत्तीत, त्याने नायकाच्या तोंडी वाचकास उद्देशून, माझ्यामागे येऊ नकोस अशा आशयाचा पद्यमय इशारा घातलेला होता. वाचकांचे सर्वच अर्ज हास्यास्पद नव्हते, आणि लेखकासही ते सर्वच हास्यास्पद वाटले नाहीत.

परंतु सदुपदेशकास मात्र त्याने कधी दयामाया दाखविली नाही. डेरीचा बिशप, जो ब्रिस्टलचा उमरावही होता, येना येथे त्यास भेटला आणि असल्या नीतिभ्रष्ट पुस्तकाबद्दल त्यास खडसावू लागला. तेव्हा गटेने त्यास विचारले, की लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी लाखाची फौज रणांगणी पाठवून ऐंशी हजार माणसे परस्परांकडून मारविणाऱ्या थोरामोठ्यांस तुम्ही काय म्हणता? आणि नरकाची वर्णने ऐकवून दुबळ्या जीवांस वेड्यांच्या इस्पितळात धाडणाऱ्या स्वतःच्या प्रवचनांस काय म्हणता? ही कैफियत ऐकताच बिशपमहाराज एकदम मवाळ झाले, आणि उरलेला वेळ फार सौजन्याने वागले, असे गटेनेच वृद्धपणी सांगितले आहे. विरुद्ध पक्षाची जबानी उपलब्ध नाही.

ज्या थोरामोठ्यांचा दाखला त्याने दिला, त्यांच्यातला सर्वांत थोर तर ह्याच पुस्तकाचा वाचक निघाला. २ ऑक्टोबर १८०८ रोजी एर्फुर्ट येथे नेपोलियनने गटेस भेटीस बोलावून, आपण वेर्टर सात वेळा वाचला, मिसरच्या मोहिमेतही तो बरोबर नेला होता, असे सांगितले, आणि लगेच एक दोष काढला: वेर्टरच्या नाशाला प्रेमभंगाच्या जोडीस उमरावांच्या मेजवानीतील मानखंडनेचे कारण कशाला जोडले? निखळ प्रेमच पुरेसे होते! अर्धे युरोप महत्त्वाकांक्षेपायी तुडविलेल्या पुरुषाने महत्त्वाकांक्षेस कथेतून हद्दपार करण्याचा अर्ज करावा, ह्यावर भाष्याची गरज नाही. पुढे बाराव्या दिवशी गटेस फ्रान्सचे सन्मानपदक मिळाले. दुरुस्ती सुचवून वर नजराणा देणारा असा वाचक पुन्हा कोणा लेखकास लाभल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

गटेची स्वतःची आवड म्हणावी, तर १७९१ मध्ये फोर्स्टरने केलेले शाकुंतलाचे जर्मन भाषांतर हाती पडताच तो त्याच्या स्तुतीत वेडावून गेला. आणि त्या नाटकात तर अंगठी सापडते, पती परत येतो, पुत्रही मिळतो, आणि भरतवाक्य म्हणून सर्वजण सुखाने निघून जातात. आपल्या नायकास न मिळालेले सर्व काही दुसऱ्याच्या नायिकेस मिळालेले पाहून तो आनंदला, आणि कालिदासाकडे त्याने एकही दुरुस्ती मागितली नाही. असा निरिच्छ वाचक दुसरा एकच आढळतो, आणि तो मनुष्यजातीचा नव्हे. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत फ्रँकेनस्टाइनने घडविलेल्या राक्षसास जंगलात सापडलेल्या पुस्तकांत वेर्टर असतो. तो ते वाचतो, नायकास थोर मानतो, सगळे नीट न उमजताही त्याच्या मरणाने रडतो, आणि लेखकाविरुद्ध कोठेही तक्रार गुदरीत नाही.

राहिली खुद्द शार्लोटे. गटेने कादंबरीतील लोटेस दुसऱ्याच एका तरुणीचे काळेभोर डोळे दिले होते, हिचे निळे होते. तरी जन्मभर लोक हिच्याकडेच बोट दाखवीत राहिले. केस्टनरशी तिचा संसार झाला, १२ मुले झाली, वैधव्यही आले. १८१६ च्या सप्टेंबरात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ती वायमारला बहिणीकडे गेली असता सदुसष्ट वर्षांच्या गटेने तिला जेवावयास बोलाविले. त्या भेटीवर टोमास मानने १९३९ मध्ये एक सबंध कादंबरी लिहिली. शार्लोटेला मुलास लिहिलेल्या पत्रातल्या काही ओळी पुरल्या. एका वृद्ध गृहस्थाशी आपली नवी ओळख झाली, असे तिने कळविले. तो गटे आहे हे ठाऊक नसते तर, आणि ठाऊक असूनही, त्याची आपल्यावर काही चांगली छाप पडली नाही.