साडूभाऊंची मांड

मराठी माणसाचा एक वाण असा आहे, की त्यानं आयुष्यात घोड्याला हात लावलेला नसतो, पण घोडेस्वारी त्याच्या रक्तात असते. "आपल्या रक्तातच आहे हो ते," हे तो सोफ्यावर मांडी घालून, हातात रिमोट धरून सांगतो. आमचे साडूभाऊ या वाणाचे अस्सल फळ. बँकेतून निवृत्त. घराण्यातलं आजवरचं सर्वात अवखळ वाहन म्हणजे एक स्कूटर, तीसुद्धा आडवी केल्याशिवाय सुरू होत नसे. घोड्याचा अनुभव एकच : 1988 साली माथेरानला, दस्तुरी नाक्यापासून हॉटेलपर्यंत. माथेरानात मोटारींना बंदी. तिथे घोड्यावर बसणं हा पराक्रम नव्हे, नाइलाज. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं; पुढचे दोन महिने त्यांनी फोन केला नाही.

यंदा फेब्रुवारीत आम्ही दोन जोडपी नाशिकला वाइन प्यायला गेलो. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर तिकडच्या शिवारात वायनऱ्या वाढल्या आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखे लोक. गंगापूर धरणाच्या बाजूला तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळी, काढणी ऐन भरात, आणि रस्त्याच्या कडेला एक पांढरी घोडी. शेजारी कॉलेजातला एक पोरगा. "अर्धा तास, 300."

"आम्ही मूळचे शिलेदार," साडूभाऊ त्याला म्हणाले. पोरगा म्हणाला, "पैसे आधी द्या काका."

आता शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. त्या हिशेबानं 300 रुपयांच्या घोडीवरचा माणूस बारगीरच म्हणायचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. इथे एका बारगिरावर एक, आणि तोही दोर धरून. पण मी गप्प बसलो. शेजारी बायको होती.

चढताना साडूभाऊंनी रिकिबीत उजवा पाय घातला. तसेच वर गेले असते तर तोंड शेपटीकडे झालं असतं. "काका, डावा. डावा टाका ना." डावा टाकला, तर कोल्हापुरी चप्पल रिकिबीत अडकली. शेवटी पोरानं दोन्ही चपला काढून एका हातात घेतल्या, दुसऱ्या हातात दोर घेतला, आणि स्वारी निघाली.

चालीनं चालली तोवर झकास. साडूभाऊंनी एक हात कमरेवर ठेवला, नजर धरणापलीकडे लावली. मग घोडी दुडकी चालायला लागली. दुडकीचं गणित असं, की घोडं वर येतं तेव्हा स्वारानंही उठायचं. साडूभाऊ नेमके तेव्हा खाली येत होते. प्रत्येक भेटीत "हं" असा आवाज निघत होता. तो घोडीचा नव्हता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पलीकडच्या हिरवळीवर कुणीतरी स्पीकरवर नागिनची धून लावली.

घोडी जागच्या जागी थांबली. कान टवकारले. मग तिनं एक पाय उचलला, दुसरा उचलला, मान डोलावली आणि रस्त्यातच ठेका धरला. मांड, लगाम, धरण, सगळं सोडून साडूभाऊंनी तिच्या गळ्याला मिठी मारली.

"थांबव तिला!"

"लग्नसराई आहे ना काका," पोरगा शांतपणे म्हणाला. "रात्री वराती, सकाळी पर्यटक. घाबरू नका, नवरदेवाचं पण असंच होतं."

गाणं संपेपर्यंत ती नाचली. कामाला चोख.

उतरल्यावर साडूभाऊ काही बोलले नाहीत. वायनरीत सगळे स्टुलांवर बसले, ते काउंटरला टेकून उभे राहिले. चव घेऊन थुंकायचं भांडं पुढे आलं, तर "आपल्यात थुंकत नाहीत" म्हणून सगळं पिऊन टाकलं. चौथ्या घोटाला घोडी 'जरा उधळली होती', सहाव्याला त्यांनी तिला 'आवरली' होती.

रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आला. कमरेवर हात, नजर दूर. खाली : 'रक्तातच आहे'. पोराला कडेनं कापलं होतं, पण दोर फोटोच्या काठापर्यंत गेला होता आणि कोपऱ्यात एक कोल्हापुरी चप्पल अधांतरी लटकत होती.

मामेसासूबाईंनी विचारलं, "दोराच्या त्या टोकाला कोण आहे?"

मी 'हवालदार' असं लिहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पुसून टाकलं.