शिल्लकराव

डोंगरकड्याला शिल्लकराव ओळखायला पत्ता लागत नाही. ज्याच्या मोटरसायकलच्या सीटवर शोरूमचं प्लॅस्टिक अजून शाबूत आहे आणि त्या प्लॅस्टिकवर, ते फाटू नये म्हणून, जुन्या चादरीचा तुकडा बांधलेला आहे, तो शिल्लकराव. घरात गेलात तर सोफा दिसेल. सोफ्यावर बेडशीट, बेडशीटवर टॉवेल, आणि मालक खाली सतरंजीवर.

हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. "घ्या की काहीतरी," असं कुणीही म्हटलं की "आधी शिल्लक पडू द्या," हे उत्तर ठरलेलं, म्हणून गावानं ठेवलेलं. शिल्लक पडली नाही असं मात्र कधी झालेलं नाही. नांदेड-हिंगोली रस्त्याच्या बाजूला सहा एकर, इसापूर धरणाचं पाणी, निम्म्यात केळी, निम्म्यात हळद. मुलगा पुण्यात नोकरीला. पैसा आहे. तो खर्चायचा मुहूर्त तेवढा निघत नाही.

हळदीवर त्याचा जीव आहे, कारण हळद साठवता येते. काढा, शिजवा, वाळवा, पॉलिश करा आणि थप्पी लावून ठेवा. माल विकणं हासुद्धा त्याला खर्चच वाटतो. घरातली वस्तू जाते ना! २०१० साली हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेली. सगळा हिंगोली जिल्हा बाजाराकडं पळत होता आणि हा पोत्यांवर ताडपत्री नीट करत होता. "थांबा, अजून वाढंल." दोन वर्षांत भाव पार कोसळला. कांडी आणि गट्टू, दोन्ही माजघरात. त्या काळात त्या घरात पिवळ्या शिंका येत असत असं गावात सांगतात; सांगणारे गावचेच, तेव्हा थोडं कमी करून घ्यावं.

केळी मात्र त्याच्या शत्रुपक्षातली. केळीला शिल्लक कळत नाही. घड तयार झाला की व्यापारी म्हणेल तो भाव, आणि गाडी उत्तरेकडं रवाना. एप्रिल-मेच्या वाऱ्यात बाग आडवी झाली तर तोही भाव नाही. एकाच शेतात एक पीक त्याला साठवायला शिकवतं आणि दुसरं साठवून ठेवण्यावर हसतं. शिकवणी त्यानं पहिल्याचीच लावली.

आता आहेराची गोष्ट. आपल्याकडं लग्नात मिळालेला शर्टपीस शिवायचा नसतो, पुढं सरकवायचा असतो, हे सगळेच जाणतात. पण शिल्लकरावाची त्यासाठी वेगळी पेटी आहे आणि पेटीची वेगळी वही. कुणाकडून आला, कुठल्या लग्नात, कापड कसं, आणि 'कुणाला देऊ नये'. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकदा त्यानं एक राखाडी पीस बाळापूरकडच्या लग्नात दिला. तो तिथून वारंगा फाट्याला गेला, मग कळमनुरीला, आणि काही वर्षांनी शिल्लकरावाच्याच पुतण्याच्या लग्नात शिल्लकरावालाच मिळाला. घडीत त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी. दुसरा कुणी वरमला असता. ह्यानं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाला, "रंग गेला नाही बघा." वहीत जमेच्या बाजूला नोंद झाली.

एवढं वाचून त्याला कंजूष म्हणाल तर फसाल. मुलीच्या लग्नात ह्याच माणसानं सबंध गावाला चूलबंद आवतण दिलं. कुणाच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नाही, सगळे जेवायला मांडवात. बुंदी टोपल्यांनी, पंगतीवर पंगत, आणि शिल्लकराव हात जोडून पानापानाशी "घ्या, अजून घ्या" करत फिरतोय. बारा वर्षांची ठेव एका दुपारी उठली. स्वतः जेवला तो रात्री, उरलेल्या भातावर. दुसऱ्याच्या तोंडी बुंदी घालताना ह्याचा हात आखडत नाही. स्वतःसाठी पावशेर जिलबी घ्यायची म्हटलं की काळीज हलतं. हे एकट्या त्याचं नाही, अख्ख्या मराठवाड्याचं अर्थशास्त्र आहे, आणि मला विचाराल तर ते पावशेर जिलबीनं सुधारण्यासारखं आहे.

पण १९७२ ला तो दहा वर्षांचा होता. दुष्काळी कामावर आईबाप खडी फोडत होते आणि हा सुकडीसाठी रांगेत उभा होता. त्या रांगेत उभं राहिलेल्या पोरानं डबा रिकामा ठेवू नये, हे ओघानंच आलं. मुलानं पुण्याहून हप्त्यावर घेतलेला फोन दाखवला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हप्ता संपल्यावर बोलू ह्याच्यावरून." त्याची स्वतःची करमणूक म्हणजे पासबुक. महिन्यातून एकदा बँकेत जाऊन ते छापून आणायचं आणि ओसरीवर बसून शेवटची ओळ वाचायची. व्याज जमा झालं असेल तर दोनदा.

ह्या संसारात मौज शिरली ती सरकारच्या दारानं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. शिल्लकरावानं त्याच आठवड्यात फर्मान काढलं की नांदेडची सगळी कामं ह्यापुढं मंडळींनी करायची. ठिबकचं सामान, फवारणीचं औषध, चष्म्याची काडी, सगळं. वहीत नवा रकाना पडला: 'वाचले'. काकू दोन-चार खेपा मुकाट गेल्या. मग त्यांना त्या रकान्यातली गोम कळली.

"अवं, माहूरला जाऊन येऊ का? गल्लीतल्या बाया चालल्यात."

"माहूर? कामून? उगं खर्च!"

"नांदेडला गेलं तर थोडं वाचतंय. माहूर लांब हाय, तर वाचतंय बी जास्त."

शिल्लकराव पेन्सिल घेऊन बसला. हिशेब बरोबर होता. त्यानंतर औंढा नागनाथ झालं, नर्सी झालं, हिंगोलीच्या दसऱ्यात आकाशपाळणा झाला, तुळजापूर झालं. तुळजापुरानं एका दिवसात जेवढं वाचवलं तेवढं हळदीनं कधी वाचवलं नाही, असं तो पारावर अभिमानानं सांगतो.

"तुम्ही कामून जात नाही, दादा?" कुणी तरी विचारतंच.

"माझं फुल तिकीट हाय."

त्याचं नियोजन पक्कं आहे. पासष्टीला अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीला फुकट. मधल्या काळात पंढरपूरचे पैसे पोस्टात किसान विकास पत्रात. साडेसात टक्क्यांनी ११५ महिन्यांत दुप्पट. म्हणजे आज एकदा जाण्याऐवजी तेव्हा दोनदा जाता येईल. आणि तेव्हा त्र्याहत्तरी जवळ आलेली असेल, तर आणखी दोन वर्षं कळ काढली की तिकीटही नाही. विठ्ठल अठ्ठावीस युगं उभा आहे, तो एवढ्यात कुठं जाणार, हा त्याचा मुद्दा. गुडघ्यांबद्दल वहीत रकाना नाही.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. फाट्यावर लोक सरकारच्या नावानं बोटं मोडत होते. शिल्लकराव घरी जाऊन वही उघडून बसला. भाडं वाढलं म्हणजे अर्ध्या तिकिटात वाचणारी रक्कमही वाढली, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं काकूंना हाक मारली, "अगं, कोल्हापूर किती लांब हाय?"

तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याला जगणं, मौज, आयुष्य दोन दिवसांचं वगैरे ऐकवू नका; ते त्याला खर्चाचं बोलणं वाटतं. त्याची वही मागून घ्या आणि 'वाचले'च्या रकान्यात पंढरपूर लिहा, दोन माणसांचं. त्याच्या फुल तिकिटाचे पैसे काकूंच्या डब्यात निघतील.