तरुण संगीतकार

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या तरुण संगीतकाराला ओळखायच्या दोन खुणा आहेत. एसटीत बसला तरी त्याची बोटं मांडीवर पेटी वाजवत असतात, आणि वय विचारलं की तो आधी विचारतो, ‘मर्यादा किती आहे?’

स्पर्धा म्हटलं की हा हजर. हरिनाम सप्ताहातली भजन स्पर्धा असो की शाळेचं स्नेहसंमेलन, चाल याचीच. एकदा रूपाच्या अभंगाला याने सात मात्रांची चाल लावली. मृदंगवाल्याने जन्मभर आठ मात्रांचा भजनी ठेका वाजवलेला. दर आवर्तनाला त्याच्याकडे एक मात्रा उरायची आणि ती कुणाच्या पदरात घालावी म्हणून तो कोरसकडे बघत बसायचा. परीक्षकांनी ‘नावीन्य’ या रकान्यात भरभरून गुण दिले आणि ‘ताल’ या रकान्यात सगळे वसूल केले.

यंदा स्वारीने थेट युरोपातल्या स्पर्धेचा अर्ज भरायला घेतलाय. प्रकार चेंबर म्युझिक. म्हणजे चार-पाच जणांनी एका खोलीत बसून वाजवायचं, समोर काठी हलवणारा कुणी नाही. ‘मग आपण देवळात दुसरं काय करतो?’ हा याचा सवाल, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच वावगा नाही. बुवांनी भुवई उचलली की लय चढते, इथे कुणाला सांगावं लागत नाही. एस्टरहाझी सरदारांच्या पदरी असलेल्या हायडनने दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो अशा चौकडीसाठी साठाहून जास्त रचना केल्या, हे कळल्यापासून हा त्याला ‘हायडनबुवा’च म्हणतो.

अडचण आली ती लिपीची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंत याने भातखंडे आणि पलुस्कर दोघांच्याही खुणा घोकल्या; तिकडे पाच रेघांशिवाय चालत नाही. वर कागदावर नाव लिहायचं नाही! रचना कुणाची हे परीक्षकांना कळू नये म्हणून. जो गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरही ‘संगीतकार’ लिहून घेतो, त्याने हे सोसायचं कसं?

रचना मात्र अस्सल म्हशाची. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, तिथला बैलबाजार हा पहिला भाग. घुंगुरमाळा पहिल्या व्हायोलिनकडे, घोंगडीवाल्याची हाळी दुसऱ्याकडे, तमाशाच्या तंबूतली ढोलकी चेलोने बोटांनी छेडायची. बैल व्हियोलाकडे, कारण व्हियोलाला सहसा कुणी काही देत नाही असं याने वाचलंय.

दुसरा भाग सौद्याचा. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून भाव करतात. तोंडातून अवाक्षर नाही. ते सुरांत उतरवायचं म्हणजे चारही वाद्यं गप्प. दीड मिनिट. ‘शेजाऱ्याची बोटं धरावीत,’ एवढीच सूचना.

कल्याणला व्हायोलिन शिकवणाऱ्या एका बाईंनी कागद चाळला, चष्मा काढला आणि हळूच म्हणाल्या, “अरे, जॉन केज नावाच्या अमेरिकन माणसाने १९५२ सालीच वादकाला साडेचार मिनिटं गप्प बसवलंय.”

याचा चेहरा पडला. बराच वेळ मांडीवरची बोटंसुद्धा थांबली.

“पण बाई,” शेवटी याने विचारलं, “त्यात बैल विकला गेला का?”